त्राटिकेला न्याय कोण देणार?

अलीकडेच एका एकांकिका स्पर्धेत पनवेल परिसरातल्या मुलांनी शेक्सपिअरचं ‘टेमिंग ऑफ द श्रू’ पाऊण तासात बसवून सादर केलं. प्रेक्षागृह हसत होतं. निकालाच्या वेळी परीक्षकांनी विषय स्त्रीविरोधी असल्याचं एका वाक्यात सांगितलं आणि पुढच्या एकांकिकेकडे वळले. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीने शेवटच्या प्रवेशात काय केलं, यावर चकार शब्द नाही. ते मला फार लागलं, कारण या नाटकाशी मराठी माणसाचं नातं सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी याच नाटकाची ‘त्राटिका’ केली आणि शाहूनगरवासी मंडळीने ती गाजवली. गणपतराव जोशी प्रतापराव, बळवंतराव जोग त्राटिका. काळ 1890च्या आसपासचा. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला लोकांच्या बोलण्यात ताजा होता, पंडिता रमाबाईंचं शारदा सदन पुण्यात आलं होतं, संमतिवयाच्या कायद्यावरून 1891 साली घराघरांत भांडणं होत होती. अशा वेळी हट्टी बायको उपाशी ठेवून, झोपू न देऊन वठणीवर आणणाऱ्या नवऱ्याला टाळ्या पडत होत्या. तो हशा निष्पाप नव्हता, हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

पण त्या रंगमंचावर बाईचं सोंग घेतलेला पुरुष उभा होता, जसा एलिझाबेथच्या लंडनमध्ये मुलगा उभा राहायचा. मूळ नाटकाच्या आरंभी तर एका दारुड्याला उमराव असल्याचं भासवून त्याच्यापुढे सगळा खेळ मांडला जातो. ही चौकट बहुतेक जण छाटून टाकतात, आणि मग उरलेल्या नाटकाला उपदेश समजून त्याच्यावर रागावतात.

पुढची कित्येक दशकं मी भराभर ओलांडतो. आपल्या मोठ्या लेखकांची प्रतिभा शोकांतिकांकडे गेली. शिरवाडकरांचा ‘मॅकबेथ’वरचा ‘राजमुकुट’ 1954 चा, विंदांचा ‘राजा लिअर’ 1974 चा. सुखात्मिकांच्या वाट्याला तसं प्रेम आलं नाही. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ आपल्याला आठवते ती 1982 च्या ‘अंगूर’मुळे, म्हणजे हिंदी सिनेमामुळे.

मी रेंगाळतो ते 2010 नंतरच्या दहा वर्षांत. त्याआधी चांगलं नाटक बघायचं तर वाशीचं भावे नाट्यगृह नाहीतर दादरचं शिवाजी मंदिर गाठायचं, आणि तिसरा अंक रंगात आला तरी परतीच्या हार्बर लोकलची काळजी. मग पनवेलला वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं नाट्यगृह मिळालं. शाळेच्या वर्गात, सोसायटीच्या गच्चीवर तालमी रंगू लागल्या. 2012 साली लंडनच्या ग्लोबमध्ये सदतीस भाषांतून शेक्सपिअर झाला, तेव्हा अतुल कुमारांच्या ‘पिया बहरूपिया’त, म्हणजे ‘ट्वेल्फ्थ नाइट’च्या हिंदी रूपात, गीतांजली कुलकर्णी व्हायोला झाल्या. नौटंकीचा बाज, पेटी, गाणी. ज्यांचा प्रवेश नाही ते नटही मंचावरच बसलेले. अनुवादक अमितोष नागपाल नट म्हणून पुढे येऊन प्रेक्षकांशीच बोलायचे. ते नाटक पाहून आलेली आमच्याकडची मुलं महिनाभर त्याच धुंदीत होती. शेक्सपिअर परीक्षेतून सुटून खेळात आला होता.

ती धुंदी ओसरली. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा गट पांगले, पण त्याआधीच मुलं म्हणायला लागली होती, ‘सर, कॉमेडीला नंबर मिळत नाही.’ स्पर्धेत जिंकायचं तर शेवटी अंधार हवा, कुणीतरी मरायला हवं किंवा प्रेक्षकांना जाब विचारायला हवा. गंभीर एकांकिकांशी माझं वैर नाही, त्यांतल्या काहींनी मला झोप येऊ दिलेली नाही. पण हशा कुठे पडावा, कुठे मुद्दाम गिळायला लावावा, हे टायमिंगचं काम रडवण्याइतकंच अवघड आहे आणि त्याला गुण द्यायला रकाना नाही.

त्राटिकेचाच एक प्रवेश घ्या. नवरा सूर्याला चंद्र म्हणतो आणि ती ‘बरं, चंद्र’ म्हणते. कागदावर ती हरलेली दिसते. रंगमंचावर अभिनेत्रीने अर्धा श्वास थांबून ते म्हटलं, की खेळाची सूत्रं तिच्या हाती गेलेली दिसतात. बायकांनी नवऱ्याचं ऐकावं असं सांगणारं तिचं शेवटचं चव्वेचाळीस ओळींचं भाषणही तसंच. शरणागती, थट्टा, थकवा की दोघांचा करार, हे त्या संध्याकाळी तिने ठरवायचं असतं. नाटककार शॉने 1897 मध्ये या शेवटाला लाजिरवाणं म्हटलं, तेही रास्त होतं. नाटककार फ्लेचरने तर शेक्सपिअरच्या हयातीतच या नाटकाचा पुढचा भाग लिहून त्याच नवऱ्याला दुसऱ्या बायकोकडून वठणीवर आणलं. म्हणजे हा वाद नाटकाच्या जन्मापासून रंगमंचावरच चालत आला आहे.

त्या मुलीने भाषण संपवताना हात पुढे केला, पण मान झुकवली नाही. प्रेक्षागृहातला हशा तिथे अचानक तुटला. परीक्षकांनी बोलायला हवं होतं ते यावर. चुकलं वाटत असेल तर तसं सांगावं, तासभर भांडावं. मुलं ऐकायला तयार होती, कागद-पेन घेऊन बसली होती. आता तो गट मोडायला निघाला आहे. त्यांनी दारुड्याच्या चौकटीसकट पूर्ण अडीच तासांचं नाटक फडके नाट्यगृहात लावावं. भाड्याचे पैसे गोळा करायला मी तयार आहे.