तबकडी उसनी, मत मात्र स्वतःचे

दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरतात. शेजारणीच्या अनारशाला जाळी पडलेली नसली, तरी ताट परत करताना आपण "छान झाले होते हो!" असेच म्हणतो. ते योग्यही आहे. वर्षाच्या सणाला कुणाचे मन कशाला मोडा? परंतु गाण्याच्या तबकड्यांची देवघेव करणाऱ्या मंडळींनी हा फराळी शिष्टाचार उचलला, की त्या देवघेवीतला जीवच जातो. तबकडी उसनी आणावी, जपून लावावी, वेळेवर परत करावी; पण तिच्याबरोबर जे मत परत जाते ते खरे असावे, हा या छंदाचा पहिला नियम. आणि पाळायला सर्वांत अवघड तोच!

अवघड का म्हणाल, तर असे पाहा. मैफलीत गवई समोर बसलेला असतो. गाणे रंगले नाही तरी चार माणसांत मान डोलवावी लागते. तबकडीत गवई समोर नसतो, तेव्हा खरे बोलायला मोकळीक मिळायला हवी. पण त्याच्या जागी दुसराच गृहस्थ येऊन बसतो. तो म्हणजे तबकडीचा मालक! त्याने ती जुन्या बाजारात तासन्‌तास धूळ खाऊन मिळवलेली असते, घरच्यांची बोलणी ऐकून कपाटात जागा करून दिलेली असते. असा माणूस आशेने आपल्या तोंडाकडे पाहत "कशी काय वाटली?" असे विचारतो, तेव्हा "आलापी चांगली, पण तान ओढून आणल्यासारखी वाटते" असे म्हणायला छाती लागते. आणि ते शांतपणे ऐकून घ्यायला त्याहून मोठी छाती लागते.

वीस अधिक पंधरा

आता जालना जिल्ह्यातल्या वाटूरसारख्या गावी राहणाऱ्या रसिकाचा विचार करा. मोठ्या गवयांच्या मैफली पुण्या-मुंबईला व्हायच्या. आगगाडी धरायची तरी आधी परतूर गाठायला हवे. अशा ठिकाणी एका घरात चावीचा फोनो आणि वीस तबकड्या आहेत, दुसऱ्या घरात पंधरा आहेत, असे समजू. दोघांनी देवघेव केली, तर प्रत्येकाला पस्तीस तबकड्या ऐकायला मिळतात. हे झाले साधे अंकगणित. पण दोघांनी मनापासून मतेही सांगितली, तर प्रत्येक तबकडी दोनदा ऐकल्यासारखी होते. एकदा आपल्या कानांनी आणि एकदा मित्राच्या कानांनी! ज्याला मैफल दूर, त्याला या दुसऱ्या कानाची गरज जास्त.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. मैफलीत तासभर चालणारा ख्याल गवयाला तेवढ्यात बसवावा लागे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे फ्रेड गैसबर्ग यांनी ध्वनिमुद्रित केले, तेव्हापासून आपल्या गवयांना ही कसरत शिकावी लागली. तिचा एक फायदा श्रोत्यालाही झाला. मैफलीतल्या गाण्यावर वाद घालता येतो, पण तो मिटवता येत नाही; ते गाणे पुन्हा आणायचे कुठून? तबकडीची पिन मात्र उचलून पुन्हा त्याच जागी ठेवता येते. "इथे स्वर हलला" असे म्हणणाऱ्याला "कुठे? दाखवा पाहू!" असे विचारता येते.

या सोयीचे मोल कळायला दोन नावे पुरेत. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचे गुरू अल्लादियाखाँ १९४६ साली. दोघांचेही गाणे तबकडीवर आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांच्याविषयी आपण जे बोलतो ते ऐकीव. उलट अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर किंवा अब्दुल करीमखाँ यांच्या तबकड्या आहेत. एखाद्याला करीमखाँसाहेबांचा बारीक, तारेसारखा आवाज पहिल्या क्षणी भिडतो, तर दुसऱ्याला तो नाकातला वाटतो. हे दुसरे मत उघड बोलले गेले तरच पहिल्याला पुन्हा ऐकावेसे वाटते. आणि पुन्हा ऐकल्यावर कधी एकाचे मत बदलते, कधी दुसऱ्याचे. मोठ्या नावापुढे गप्प बसणे हा त्या नावाचा मान नव्हे.

मताआधी यंत्र तपासा

मात्र खरे बोलणे म्हणजे घाईने बोलणे नव्हे. लाखेच्या तबकडीला कडेपासून चीर गेली असेल, तर मिनिटाला ७८ वेळा "टक्" असा आवाज येणारच. त्यात गवयाचा काय दोष? लोखंडी पिन घासली की आवाज खरखरतो, शिवाय तबकडीही झिजते. म्हणूनच दर बाजूला नवी पिन लावावी असे सांगत. कमान उतरली की फिरणे मंदावते आणि सूर खाली येतो. अगदी जुन्या तबकड्या तर नेमक्या ७८च्या वेगाने ध्वनिमुद्रित झालेल्या असतीलच असेही नाही. वेग जास्त ठेवला, तर भारदस्त आवाजही किरटा होतो. तेव्हा आधी चावी, मग पिन, मग तबकडीची कड आणि सर्वांत शेवटी गवई, असा तपासाचा क्रम ठेवावा.

जुन्या तबकड्यांचे जतन करणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० साली मुंबईत सुरू झाली. तिच्यासाठी डॉ. सुरेश चांदवणकर यांनी पुष्कळ खस्ता खाल्ल्या. संस्थेने 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक काढले आणि एकत्र बसून तबकड्या ऐकण्याचे कार्यक्रमही केले. माळ्यावर पडलेली थाळी भंगारात जाण्याआधी जाणत्या कानापर्यंत पोहोचावी, यासाठी ही धडपड.

आज मोबाईलवर हवे ते गाणे क्षणात मिळते आणि क्षणात दहा जणांना पाठवताही येते. उत्तरादाखल एक अंगठा येतो. ऐकले की नाही, देव जाणे! उसन्या तबकडीचे तसे नसे. ती रविवारी परत करायची असे, म्हणून शनिवारपर्यंत ऐकावीच लागे. आणि देणारा विचारणार हे ठाऊक असल्याने लक्ष देऊन ऐकावी लागे. ही शिस्त आजही पाळता येईल. दहा जणांना दहा गाणी पाठवण्याऐवजी एकालाच एक गाणे पाठवावे, आठ दिवस द्यावेत आणि मग फोन करून विचारावे. "छान" एवढ्यावर त्याला सोडू नये, आणि आपली पाळी आल्यावर आपणही तेवढ्यावर सुटू नये.

१९७७ साली 'व्हॉयेजर' याने तारकांच्या दिशेने निघाली, तेव्हा त्यांच्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवण्यात आली. तिच्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती कुणी ऐकेल का आणि ऐकून काय म्हणेल, हे कळायला आपण कुणी असणार नाही. आपला मित्र मात्र दोन घरे सोडून राहतो. त्याचे मत येत्या रविवारी चहाबरोबर मिळू शकते. फक्त ते ऐकून घेण्याची तयारी हवी.