घाट आधी, लेणी मागून

घाटघर मागे पडलं की रस्ता पठारावर येतो आणि पठार संपतं तिथे रस्ताही संपतो. गाडी लावायची आणि चालायला लागायचं. कोकणाकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला नानाचा अंगठा, डाव्या हाताला जीवधन आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. मधल्या अरुंद नळीतून नाणेघाटाची दगडी वाट खाली उतरते. नळीच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी यात टाकायची, असं इथली माणसं सांगतात. मी त्या रांजणाच्या काठावरून हात फिरवला. काठ गुळगुळीत लागतो.

चैत्र संपता संपता आम्ही चौघं पुण्याहून निघालो होतो. चार दिवस, एक गाडी, जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके. दर उन्हाळ्यात पुण्यातून कितीतरी जण गाड्या घेऊन लेहला जातात. मीही गेलो आहे. खारदुंग ला 5,300 मीटरच्याही वर, सिंधूच्या काठाने ठिकसे आणि हेमिसचे गोंपे. तो प्रवास मनातून जात नाही. पण तिथून आल्यावर एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. लेह हे यारकंदच्या काफिल्यांचं गाव होतं. खिंड ओलांडून माल येई, माल आला की माणसं थांबत, माणसं थांबली की दान होई, आणि दानावर मठ उभे राहत. हे सगळं आपल्याकडेही घडलेलं आहे, आणि फार आधी. ठिकसेचा गोंपा पंधराव्या शतकातला. जुन्नरजवळचं तुळजा लेणं त्याच्याहून सुमारे दीड हजार वर्षांनी जुनं. नाणेघाटाची उंची हजार मीटरही नाही, इथे श्वासाला त्रास होत नाही. तरी ही वाट मला तितकीच थोर वाटते.

म्हणून आम्ही जुन्नरला न थांबता आधी घाट गाठला. लोक सहसा उलटं करतात. लेण्याद्रीला गणपतीचं दर्शन, मग शिवनेरी, वेळ उरला तर नाणेघाट, तोही पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला. त्यात चूक काही नाही. पण आधी घाट पाहिला तर लेण्यांचा अर्थ लागतो.

नळीतून थोडं उतरलं की कातळात खोदलेली एक चौकोनी खोली लागते. इथे मूर्ती नाही, स्तूप नाही. दोन बाजूंच्या भिंती ब्राह्मी अक्षरांनी भरलेल्या आहेत, भाषा प्राकृत. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख. बहुतेक अभ्यासक तो इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना नमन आहे. मग अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण. दक्षिणा मोजायची म्हणून आकडे आले, आणि ते आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी आहेत. शून्य अजून नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1828 मध्ये या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, अशी नावं वर कोरलेली आहेत. नावांखाली आता माणसं नाहीत, तळाशी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मी बराच वेळ त्या पावलांसमोर बसलो होतो. राजाराणीच्या प्रतिमा राजवाड्यात नाही, देवळात नाही, घाटाच्या तोंडाशी होत्या. बैलांच्या पाठीवर माल लादून, धापा टाकत जो माणूस वर येईल त्याला पहिल्यांदा कोण दिसावं, हे कुणीतरी ठरवलं होतं. त्याच भिंतीवर अलीकडच्या माणसांनी किल्लीने आपली नावं ओरखडली आहेत. ते पाहून जीव तुटतो. ही अक्षरं दोन हजार वर्षं पावसाने पुसली नाहीत, ती आपल्या हातांनी जावीत हे सोसवत नाही.

वाट कुठून कुठे जायची? खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं. वर जुन्नर. पुढे गोदावरीच्या काठाने पैठण आणि त्याही पलीकडे तेर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत यांतली जुन्नर सोडून बाकी चारही ठिकाणं आहेत. कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असंही त्यात नोंदलं आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात बंदरांवरून झुंज चालली होती, तिचा हा परिणाम. समुद्रावर ज्याचा ताबा त्याची बंदरं, आणि घाटावर ज्याचा ताबा त्याची जकात.

रात्री घाटघरला मुक्काम केला. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, आणि अंगणात झोप.

दुसऱ्या दिवशी चावंडच्या पायथ्यावरून जुन्नरकडे परतताना बौद्ध भिक्खूंच्या जागा लागू लागतात. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामं आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. शिवनेरीचे कडे, तुळजा, मानमोडीचे तीन समूह, लेण्याद्री. अजिंठ्यासारखं एकच भव्य दालन इथे नाही, त्यामुळे फोटो काढून निघून जाणाऱ्याला जुन्नर थोडं कोरडं वाटतं. बुद्धाची मूर्ती तर कुठेच नाही, कारण ही सगळी त्या काळातली आहेत जेव्हा स्तूपच पुजला जाई. पण ज्याला ही लेणी चालत कशी होती हे समजून घ्यायचं आहे त्याने जुन्नरलाच यावं, कारण इथल्या भिंती पैशांबद्दल बोलतात.

पाडळीच्या बाजूला असलेलं तुळजा लेणं आधी बघा. कोपऱ्यातल्या खोलीत आता तुळजादेवी आहे, तिच्यावरून नाव पडलं. पाहायचा तो तिथला गोल चैत्य. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. बाकी सगळे चैत्य लांबट आहेत, हा गोल. स्तूपाला हात न लावता आम्ही खांबांच्या बाहेरून एक फेरी घातली. अनवाणी पायांना दगड थंड लागत होता. सोबतचा मित्र हळू आवाजात बोलला तरी आवाज फिरून परत येत होता.

मानमोडीवर जाताना अत्तर लावू नये, धूर करू नये, मोठ्याने ओरडू नये. आग्या मोहोळं कातळाला लटकलेली असतात. इथल्या भीमाशंकर समूहात एक लेख आहे तो नहपान क्षत्रपाच्या अमात्याचा, अयम नावाच्या माणसाचा. वर्ष 46 दिलं आहे. शक गणना धरली तर इसवीसन 124. त्याने एक पोढी आणि एक मंडप दिला. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. हा शब्द दोन हजार वर्षं टिकला, किल्ल्यांवर भटकणारी मुलं आजही तो वापरतात.

ही पोढी नीट बघण्यासारखी गोष्ट आहे. तोंड लहान, आत पोट मोठं. काही ठिकाणी वरच्या कातळावरून पाणी आणायला बोटभर खोल पन्हळी कोरल्या आहेत. काळा पाषाण पाणी पिऊन टाकत नाही, आणि तोंड लहान असल्याने ऊनही फार आत जात नाही. चैत्राच्या उन्हात एका टाक्यात मी वाकून पाहिलं तर पाणी होतं. भिक्खूंनी एरवी हिंडावं आणि पावसाळ्यात एका जागी वर्षावास करावा, असा नियम. आपला पाऊस घाटमाथ्यावर कसा कोसळतो हे जुन्नरकरांना सांगायला नको. डोक्यावर कातळ, दाराशी पाणी आणि हाकेच्या अंतरावर भिक्षा घालणारं गाव, या तिन्ही गोष्टी जिथे जमल्या तिथे लेणं झालं.

पण खोदायला पैसा लागतो आणि चालवायला त्याहून जास्त. तो कुठून आला हे लेखच सांगतात. ‘देयधम’, म्हणजे देयधर्म, हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. वेळूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींची नावं येतात. श्रेणी म्हणजे त्या व्यवसायातल्या माणसांचा संघ. दाता आपली ठेव श्रेणीकडे ठेवी आणि तिच्या उत्पन्नातून भिक्खूसंघाची गरज भागे. दाता गेला तरी दान चालू राही. आडुथुम नावाच्या एका शक उपासकाने शेतांचं उत्पन्न लावून दिलं, ते करंज आणि वडाची झाडं लावण्यासाठी. मला हा लेख सगळ्यांत आवडतो. परदेशातून आलेल्या वंशातला माणूस जुन्नरच्या डोंगराखाली सावलीची सोय करतो आणि ती कागदावर नाही, कातळावर लिहून ठेवतो. जुन्नरच्या लेखांत तीन यवनही आहेत: इरिल, चिट आणि चंद. एकाने दोन पोढ्या दिल्या, एकाने संघाला भोजनमंडप, आणि चंदाने मानमोडीच्या चैत्याचं गर्भद्वार.

लेण्याद्रीला तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर चढलो. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि माकडं पिशवीवर लक्ष ठेवून असतात. सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती. हा मुळातला विहार. भल्यामोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या वीस खोल्या. भाविक दर्शन घेऊन वळतात आणि शेजारचं सहावं लेणं बघत नाहीत, याची हळहळ वाटते. तो जुन्नरमधला सगळ्यांत घडीव चैत्य. खांबांच्या तळाशी घट, माथ्यावर हत्ती आणि सिंह, छताला लाकडी घरातल्यासारख्या बरगड्या, पण दगडात कोरलेल्या. दारावरच्या लेखात दात्याचं नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणारा. कल्याण! बंदरातला पैसा नाणेघाट चढून लेण्याद्रीच्या कातळापर्यंत आला, याची याहून स्पष्ट पावती दुसरी नको.

तिथून आम्ही घोडेगावकडे वळलो आणि आंबेगाव तालुका सुरू झाला. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, म्हणून कचेऱ्या घोडेगावात. जलाशयाच्या काठाने रस्ता आत शिरतो, तसतशी भाताची खाचरं आणि महादेव कोळ्यांची गावं लागतात. याच खोऱ्यात माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि 151 माणसं गेली. आम्ही तिथे थांबलो, काही न बोलता उभे राहिलो आणि निघालो. घाटमाथ्यावरच्या प्रवासाबद्दल लिहिताना हे नाव वगळणं मला जमणार नाही.

आंबेगावात घाट आहेत, पण जुन्नरसारखे लेण्यांचे समूह नाहीत. आधी मला हे खटकलं. मग वाटलं, खटकण्यासारखं काही नाही, हेच तर उत्तर आहे. आहुपे घाट खाली मुरबाडमधल्या खोपिवलीला उतरतो. पण बंदरातला मोठा व्यापार या बाजूने वाहिला नाही. इथून गेलं ते भाताचं ओझं, हिरडा आणि लग्नाचं वऱ्हाड. इथे माणसांनी लेण्यांऐवजी देवराया राखल्या. दक्षिणेला पोखरीचा घाट चढून तळेघरमार्गे भीमाशंकर, तिथलं जंगल 1985 पासून अभयारण्य, शेकरूसाठी राखलेलं. तिथे आम्ही चौथ्या दिवशी गेलो, पण गर्दी इतकी होती की सांगण्यासारखं थोडंच आहे. शेकरू मात्र दिसलं, जांभळीच्या शेंड्यावर.

आहुप्याला पोचलो ती वेळ तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळची. एका अंगणात गोणपाटावर बाळहिरडा वाळत घातला होता. हिरवी कच्ची फळं उन्हात आठेक दिवसांत काळी पडतात, सुरकुततात, मग व्यापारी तोलून नेतो. अंगणातले बाबा फळं हाताने वरखाली करत होते. एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. चावून पाहिलं तर तोंड तुरट झालं.

“घाट उतरणार का?” त्यांनी विचारलं.

“नाही बाबा, गाडीने आलोय.”

“मग कडा तरी बघून या. उजेड हाये तवर.”

कोकणकड्यावर वारा अंगावर येत होता. खाली गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, त्यांच्यापलीकडे मुरबाडची सपाटी धुरकट झालेली. घाटाच्या वाटेवर काहीतरी हललं. बऱ्याच वेळाने एक जोडपं वर आलं, बाईच्या कडेवर मूल, गड्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी. खोपिवलीहून निघाले होते. भाचीची हळद होती उद्या. पेटी खाली ठेवून गड्याने घाम पुसला, बाईने मूल उतरवलं, आणि ते मूल लगेच गावाच्या दिशेने पळत सुटलं.