तीन मीटरची वाट

पी.टी.च्या तासाला जमिनीवर गालिचा अंथरा. त्यावर खडूने 108 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा आणि तीन मीटरवर गोल्फचा चेंडू ठेवा. गोल्फचा होल एवढाच असतो, आणि त्यात दोन चेंडू शेजारी-शेजारी सहज मावतात. मग अवघड काय?

तीन मीटरवरून चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, की तो होलच्या काठावर! एक अंश म्हणजे मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढा. म्हणून मुलांना मनगटं हलवू देत नाहीत. खांद्यांपासून पटर, म्हणजे चेंडू होलकडे ढकलायची काठी, लंबकासारखा झुलवायचा. लंबकाची गंमत आठवतेय ना? झोका लहान असो वा मोठा, वेळ जवळपास तेवढाच. म्हणून बाईंची ‘एक... दोन’ची लय तीच ठेवायची, लांबवर मारायचं तर फक्त झोका वाढवायचा.

पटर लागल्यावर चेंडू लगेच गडगडत नाही, आधी घसरतो. तो नीट गडगडू लागेपर्यंत वेग सुरुवातीच्या पाचसप्तमांशावर येतो. आणि खरं नवल पुढे आहे: गालिचा असो की गवत, हा हिशोब तोच!

शेवटी होल. आत पडायला चेंडूला निदान अर्ध्या उंचीइतकं खाली यावं लागतं, त्याला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. भरधाव चेंडू तेवढ्यात पलीकडे पोचलेला असतो. म्हणजे सावकाश येणाऱ्यासाठी तोच होल मोठा!

आता शिष्टाचार. दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय का ठेवायचा नाही? कारण खऱ्या मैदानात होलभोवतीचं जेमतेम तीन-चार मिलिमीटर उंचीचं गवत पावलाखाली दबतं, आणि संथ चेंडूला तेवढा खळगा पुरतो. अमेरिकी प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी तर दाखवलं, की खेळाडू होलच्या अगदी काठाशी पाय ठेवत नाहीत, जरा दूरचं गवत मात्र तुडवतात. मग होलभोवती मेदुवड्यासारखं उंच कडं उरतं. दमलेल्या चेंडूला शेवटी हा चढ!

सावली वाटेवर पाडायची नाही. आड येणारा चेंडू उचलायचा, तर आधी मागे नाणं ठेवायचं. आणि पहिली पाळी कोणाची? सर्वांत लांब असलेल्याची. स्कॉटलंडमधल्या लीथला 1744 साली लिहिलेल्या तेरा नियमांतही हे आहे. तेव्हा गालिच्याच्या टोकाला उभी असलेली ती मुलगी आधी खेळेल, आणि तिचा चेंडू थांबेपर्यंत सगळा वर्ग गप्प.