भिंगरी जाते कोठें?

पावसाळा सरूं लागला, कीं विजेच्या तारांवर ओळीनें बसलेले काळसर-निळे लहानसे पक्षी बहुतेकांच्या दृष्टीस पडतात. पोट पांढुरकें, गळा तांबूस, शेपटी लांब व मध्यें दुभंगलेली. हीच माळभिंगरी होय. उन्हाळा वाढूं लागला, कीं त्या तारा रिकाम्या होतात आणि घरांतील एखादें मूल विचारतें, ‘आजोबा, त्या गेल्या कोठें?’ प्रश्न पोरवयाचा खरा. तथापि मोठमोठ्या पंडितांसही तो शतकानुशतकें सुटला नव्हता.

हाच पक्षी युरोपांत उन्हाळ्यांत घरटीं बांधतो व थंडी पडूं लागतांच दिसेनासा होतो. कांहीं भिंगऱ्या पिसें गळून बिळांत पडून राहतात, असें ॲरिस्टॉटलनें लिहून ठेविलें. १५५५ सालीं ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूनें तर कोळ्यांच्या जाळ्यांत पाण्यांतून भिंगऱ्यांचे गोळेच्या गोळे निघतात, असें सांगितलें. गिल्बर्ट व्हाइटसारख्या डोळस निरीक्षकासही १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत हा संशय पुरता सोडवला नाहीं.

उलगडा झाला तो एका कडीमुळें. मे १९११ मध्यें इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत जॉन मेसफील्ड या गृहस्थांनीं आपल्या घराच्या देवडींत घरटें केलेल्या भिंगरीच्या पायांत धातूची कडी अडकविली. डिसेंबर १९१२ मध्यें तीच भिंगरी दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतांत सांपडली. अंतर सुमारें सहा हजार मैलांचें. आणि प्रवासिनीचें वजन दोन तोळ्यांहूनही कमी!

ही यातायात मुख्यत्वें पोटासाठीं. हवेंत उडणारे किडे हेंच तिचें अन्न; हिवाळ्यांत ते नाहींसे झाले, कीं तिला स्थलांतरावांचून गत्यंतर नसतें. आपल्याकडील पाहुण्या भिंगऱ्या विणीसाठीं हिमालयांत व त्याच्याही उत्तरेस परततात.

या कुळांतील सर्वच मंडळी मात्र परदेशगामी नाहींत. वाड्याच्या वळचणीखालीं, किल्ल्याच्या कमानींत चिखलाची अर्धी वाटी चिकटविणारी करड्या रंगाची कडा-पाकोळी आपली बारमाही शेजारीण आहे. तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८३२ सालीं साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानें केलें, तें आपल्या दख्खनमधीलच पक्ष्यावरून. चोंचींत चिखलाची एकेक गोळी आणून हें घरटें उभें राहतें. अंडीं उबविणें व पिलें भरविणें हीं कामें नर-मादी वांटून घेतात.

दिवाळीची झाडलोट निघाली, कीं पहिला केरसुणीचा फटका याच घरट्यावर पडतो. घरटें रिकामें दिसलें, तरी तें पाडूं नये. पुढच्या विणीस त्याचीच डागडुजी होते. पाडल्यास शेकडों खेपांचें श्रम पुन्हां आरंभापासून करावे लागतात. भिंत खराब होते अशी घरांतील वडीलधाऱ्यांची तक्रार असेल, तर घरट्याच्या हातभर खालीं एक फळी ठोकावी म्हणजे झालें. दिवसभर डांस-चिलटें टिपणारें एवढेंसें बिऱ्हाड आपल्या भरल्या घरास जड होऊं नये.