मिसाचा धाक आणि कराडचं व्यासपीठ
२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली आणि पुढे भल्याभल्यांच्या पोटात गोळा आला तो ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्यामुळे. या कायद्याखाली कोणाला का धरलं, हे सांगायचं बंधनही सरकारवर उरलं नव्हतं. कारणच कळत नसेल तर माणूस आपणहून गप्प बसतो. पोलिसाला दाराशी यावंच लागत नाही. हुकूमशाहीचं निम्मं काम असं फुकटात होतं.

त्याच वर्षी कराडला साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्या देखत अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी सरकारविरोधी आंदोलनाचे आजारी नेते जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली, पण लोकांची भीड चेपली ती चेपलीच.

संपादक मिनू मसानींनी वेगळी वाट धरली. आपल्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवताच ते कोर्टात गेले आणि १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकलेही.

मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सरकारच घालवलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीमुळे आता आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येत नाही.