परराज्यातील भाड्याच्या इमारती आणि वीज-पाण्याचा हिशेब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत राहत्या राज्याबाहेर भाड्याची इमारत विकत घेण्याची प्रथा मुख्यतः राज्याराज्यांतील किमतींच्या तफावतीमुळे वाढली. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात किंवा न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या कुटुंबाला, आणि यांत तेथील मराठी कुटुंबेही आली, घराजवळ एखादी सदनिका ज्या रकमेत मिळते तेवढ्यात ओहायो किंवा इंडियानात अनेक सदनिकांची अख्खी इमारत मिळू शकते. त्यामुळे महिन्याचे भाडे आणि खरेदीची किंमत यांचे गुणोत्तर पाहून सौदा ठरवला जातो. या गुणोत्तरात पाणी, सांडपाणी, गॅस, वीज आणि कचरा यांचा खर्च कोठेच दिसत नाही. परराज्यातील इमारतींविषयीचे बरेचसे गैरसमज याच न दिसणाऱ्या भागात रुजलेले असतात.

पहिला आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे, हे खर्च भाडेकरूच भरतो. तो भरतो की नाही हे भाडेकरारापेक्षा इमारतीच्या नळवाहिन्यांवर आणि मीटरांवर अवलंबून असते. ज्या इमारतीत प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र मीटर आणि स्वतंत्र भट्टी आहे तेथे बिल थेट भाडेकरूच्या नावावर जाते; परंतु शिकागो, क्लीव्हलँड, बॉस्टन अशा थंड शहरांतील जुन्या इमारतींत बहुधा तळघरात एकच बॉयलर असतो, त्याची वाफ किंवा गरम पाणी सर्व सदनिकांच्या रेडिएटरांत फिरते, आणि गॅसचा एकमेव मीटर मालकाच्या नावावर असतो. अशा ठिकाणी ऊब देणे ही मालकाची केवळ सेवा नसते, ती कायदेशीर जबाबदारी असते. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेल्यास घरात किमान ६८ अंश (२० अंश सेल्सिअस) ठेवावे लागतात, तर रात्री बाहेर कितीही तापमान असले तरी ६२ अंश राखावेच लागतात. शिकागोत हा हंगाम १५ सप्टेंबरलाच सुरू होतो. गॅसचा दर वाढला म्हणून या अंशांत सवलत मिळत नाही.

त्यातही वाफेवर चालणाऱ्या जुन्या व्यवस्थेची खोड समजून घेण्यासारखी आहे. बॉयलरजवळच्या सदनिकांना आधी व जास्त उष्णता मिळते, टोकाच्या सदनिका गार राहतात, टोकाचा भाडेकरू तक्रार करतो म्हणून बॉयलर अधिक वेळ चालवला जातो, आणि मग जवळचा भाडेकरू जानेवारीत खिडकी उघडून बसतो. या अवस्थेत नवा बॉयलर बसवणे हाच उपाय आहे असे विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात रेडिएटरांच्या आणि मुख्य वाहिनीच्या हवा सोडणाऱ्या झडपा दुरुस्त करणे, तळघरातील उघड्या वाहिन्यांवर उष्णतारोधक आवरण चढवणे आणि तापमानमापक योग्य जागी लावणे ही कमी खर्चाची कामे आधी करावी लागतात, अन्यथा नवा बॉयलरही जुनीच उधळपट्टी करतो.

पाण्याचे बिल किरकोळ असते, ही समजूत तर हिशेबानेच खोडता येते. अमेरिकेतील बहुतेक शहरांत सांडपाण्याची आकारणी वापरलेल्या पाण्याच्या प्रमाणात होते आणि कित्येकदा ती पाण्याच्या आकारणीपेक्षा जास्त असते, त्यामुळे गळणारे पाणी दोनदा मोजले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार बिघडलेल्या शौचकुंडाच्या टाकीतून दिवसाला २०० गॅलन किंवा त्याहून अधिक पाणी वाहून जाऊ शकते. वर्षाचे ७३,००० गॅलन होतात. पाणी जेथे शंभर घनफुटांच्या, म्हणजे ७४८ गॅलनच्या, एककात मोजले जाते तेथे ही सुमारे ९८ एकके झाली. पाणी व सांडपाणी मिळून एककाला १५ डॉलर असा दर धरला तर आवाज न करता गळणाऱ्या एका टाकीची किंमत वर्षाला साडेचौदाशे डॉलरांच्या घरात जाते. १९९२ च्या संघीय ऊर्जा कायद्याने नव्या शौचकुंडांना एका वेळेस १.६ गॅलनची मर्यादा घातली. त्याआधीची साडेतीन गॅलनची किंवा त्याहून मोठी कुंडे जुन्या इमारतींत अद्याप आढळतात, आणि ती बदलणे हा या व्यवसायातील सर्वांत लवकर वसूल होणाऱ्या खर्चांपैकी एक आहे.

हा साडेचौदाशेचा आकडा खरेदीच्या किमतीत कसा उतरतो हे पाहिल्यावर विषयाचे गांभीर्य कळते. चार सदनिकांपर्यंतच्या इमारतीला गृहकर्ज मिळते आणि तिचे मूल्य प्रामुख्याने आसपासच्या विक्रीवरून ठरते. पाच किंवा अधिक सदनिका असल्या की ती व्यापारी मालमत्ता मानली जाते आणि तिचे मूल्य मुख्यतः उत्पन्नावरून काढतात. भाड्यातून सर्व चालू खर्च वजा केल्यावर, पण कर्जाचा हप्ता देण्यापूर्वी, जे उरते ते निव्वळ परिचालन उत्पन्न, आणि त्याचे किमतीशी असलेले टक्केवारीतील प्रमाण म्हणजे ‘कॅप रेट’. हा दर सात टक्के असेल, तर वर्षाचे १,४६० डॉलर वाचणे म्हणजे मूल्यात जवळजवळ २०,९०० डॉलरांची भर, आणि तेवढेच वाया जाणे म्हणजे तेवढीच घट. सावध खरेदीदाराने या गणिताची दुसरी बाजूही पाहावी : दलाल अनेकदा ‘पुढे खर्च भाडेकरूंवर टाकता येईल’ असे गृहीत धरून तयार केलेल्या अपेक्षित ताळेबंदावर किंमत सांगतात, म्हणजे खरेदीदाराने नंतर करायच्या कामाचे पैसे विक्रेत्याला आधीच द्यायचे असतात.

खर्च भाडेकरूंवर टाकणे ही केवळ नवा करार लिहिण्याची बाब आहे, असेही सर्रास मानले जाते. त्याच्या दोन पद्धती आहेत : एकीत मुख्य मीटरचे बिल सदनिकेचे क्षेत्रफळ किंवा राहणाऱ्यांची संख्या यांच्या प्रमाणात वाटून दिले जाते, दुसरीत प्रत्येक सदनिकेला उपमीटर बसवून प्रत्यक्ष वापर मोजला जातो. दोन्हींचा परिणाम सारखाच होतो हे खरे नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात उपमीटर असलेल्या इमारतींत पाण्याचा वापर सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळला, तर बिल वाटून देण्याच्या पद्धतीत संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठोस अशी बचत दिसली नाही; कारण उघड आहे, शेजाऱ्याच्या वापराचे पैसे भरावे लागतात तेथे स्वतः काटकसर करून फारसे हाती लागत नाही. शिवाय राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत. टेक्सासमध्ये पाण्याचे बिल ठरलेल्या सूत्रांनी वाटून देता येते. मॅसॅच्युसेट्समध्ये पाण्याची आकारणी करण्यासाठी उपमीटर आणि लेखी करार दोन्ही लागतात. कॅलिफोर्नियात २०१८ पासूनच्या नव्या बहुसदनिका इमारतींत पाण्याचे उपमीटर सामान्यतः सक्तीचे आहेत. सरकारी भाडेसाहाय्य घेणारे भाडेकरू असतील तर आणखी एक मेख आहे : जे खर्च भाडेकरू भरतो त्यांसाठीचा ठरावीक भत्ता भाड्यात मिळवून मग कमाल मर्यादा तपासली जाते, त्यामुळे बिल भाडेकरूकडे गेले की मालकाला मागता येणारे भाडे खाली येऊ शकते.

बिल भाडेकरूच्या नावावर केले म्हणजे मालक मोकळा झाला, ही समजूतही अपुरी आहे. पेनसिल्व्हेनियात १९२३ च्या कायद्यानुसार थकलेली पाणीपट्टी आणि सांडपाण्याची आकारणी मालमत्तेवरचा बोजा ठरू शकते, आणि अशी तरतूद इतरत्रही आहे. भाडेकरू निघून जातो, बोजा इमारतीवर राहतो.

उबदार राज्यात हिवाळ्याची चिंता नाही, हा समज टेक्सासने फेब्रुवारी २०२१ मध्ये मोडला. तेव्हाच्या हिवाळी वादळात वीज कित्येक दिवस गेली, घराघरांतल्या नळवाहिन्या गोठून फुटल्या, आणि घाऊक वीजदर मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेला पोहोचल्याने, बदलत्या घाऊक दराचा करार केलेल्या ग्राहकांना हजारो डॉलरांची बिले आली. रिकाम्या सदनिकेत ऊब बंद ठेवून बचत करण्याचा मोह दूरच्या मालकाला सहज होतो. मात्र ऊब राखण्याची वाजवी काळजी घेतली नसेल तर गोठून फुटलेल्या वाहिनीचे नुकसान विमा कंपनी बहुधा नाकारते.

करांबाबतचे भ्रम हा स्वतंत्र विषय असला तरी एक नोंद आवश्यक आहे. कॅलिफोर्नियाच्या १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’मुळे तेथील मालकाला मालमत्ता कर वर्षाला थोडाथोडाच वाढतो असे वाटू लागते, पण इंडियानात मालक स्वतः राहत असलेल्या घरावर कराची कमाल मर्यादा मूल्याच्या १ टक्का आणि भाड्याच्या निवासी मालमत्तेवर २ टक्के आहे, त्यामुळे विक्रेत्याने भरलेला कर खरेदीदाराला तेवढाच पडेल असे गृहीत धरता येत नाही.

व्यवस्थापन कंपनी नेमली की खर्चावर आपोआप लक्ष राहते, असेही मानू नये. तिचे शुल्क सामान्यतः वसूल झालेल्या भाड्याच्या टक्केवारीत असते, पाण्याचे बिल वाढले तरी तिचे काही बिघडत नाही; म्हणून सर्व मीटरांची ऑनलाइन खाती मालकाने स्वतःच्या ताब्यात ठेवून दर सदनिकेमागील वापर महिन्यागणिक पडताळणे हाच खरा उपाय ठरतो, कारण एखाद्या महिन्यात वापर अचानक चढला की गळती कोणी न कळवताही दिसते. खरेदीपूर्वीही हीच शिस्त लागते : विक्रेत्याने स्वतः टंकलेला वार्षिक तक्ता न स्वीकारता त्याच्या संमतिपत्रावर गॅस, वीज आणि पाणी कंपन्यांकडूनच किमान दोन हिवाळ्यांची बिले मागवावीत, आणि जो विक्रेता ही संमती देत नाही त्याची इमारत सोडून द्यावी.