हिंगोलीत बसून साउंडचं गिऱ्हाईक कसं जोडायचं?

मागच्या भागानंतर तुमचे जे व्हॉइस मेसेज आले, त्यांत एकच प्रश्न सारखा येत होता. "दादा, रेकॉर्डिंग शिकलो, मिक्सिंग शिकलो, पण गिऱ्हाईक आणायचं कुठून? पुण्याला जावंच लागतं का?" आजचा भाग त्यावरच.

आधी एक गंमत सांगतो. आपल्याकडे "मी साउंड इंजिनिअर आहे" असं म्हटलं की समोरचा विचारतो, "डीजेचं भाडं किती?" पहिलं वर्षभर मी प्रत्येकाला समजावत बसायचो. मग ते सोडलं आणि हुद्द्याऐवजी काम सांगायला लागलो: "तुमच्या कीर्तनाच्या व्हिडिओतली घरघर काढून देतो, शब्द न् शब्द ऐकू येईल." हे वाक्य लोकांना एका दमात कळतं.

आता मुद्दा नंबर एक: जायचं कुणाकडे? मी सुरुवातीला गायकांच्या मागे फिरलो. पण नवीन गायक वर्षाला एखादं गाणं करतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दादाकडे लग्नसराईत आठवड्याला तीन-चार कामं असतात, आणि त्याला आवाजावर बसायला वेळच नसतो. कीर्तनाचं चॅनल चालवणाऱ्याला दर आठवड्याला व्हिडिओ टाकावा लागतो. म्हणजे ज्याला एकदा गरज आहे त्याच्यापेक्षा ज्याला सारखी गरज आहे, तो धरायचा. एक शूटिंगवाला जोडला, की त्याची गिऱ्हाइकंही आपोआप तुमच्याकडे येतात.

मुद्दा दोन: फुकट काम. करायचं, पण दोन मिनिटांचं. "तुमच्या व्हिडिओतली दोन मिनिटांची फाइल द्या" असं म्हणायचं, साफ करायची आणि आधीचं-नंतरचं लागोपाठ ऐकवायचं. आपल्या महागड्या हेडफोनवर नाही बरं का, त्यांच्याच मोबाइलवर! त्यांचे प्रेक्षक मोबाइलवरच ऐकतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा खर्ज मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर जवळजवळ गायब होतो. तिथेही ठेका कळला पाहिजे, असं मिक्स करावं लागतं. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि केलेली मेहनत वाया.

गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "आवाज अजून वाढवा." तेव्हा वाद घालू नका, कारण सांगा. यूट्यूबवर साधारण उणे 14 एलयूएफएसपेक्षा मोठा आवाज टाकला, तर यूट्यूब तो वाजवताना स्वतःच खाली आणतं. एलयूएफएस म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो, ते मोजायचं माप. मग आपण उगाच दाबून मोठा केलेला आवाज मोठा राहत नाही, नुसता चेपलेला राहतो.

मुद्दा तीन: आपलं कॅलेंडर. 14 एप्रिलच्या भीमजयंतीची गाणी मार्चमध्येच तयार लागतात. नर्सीहून नामदेव महाराजांची पालखी पंढरपूरला निघायच्या आधी अभंगवाल्यांची घाई असते. मग गणपती, नवरात्र, दसरा. सणाच्या आठवड्यात काम मागायला गेलात तर उशीर झाला; महिना-दीड महिना आधी जा. पैशाचंही तसंच. वसमतच्या बाजारात हळद गेली, सोयाबीन विकलं, की लोकांच्या हातात पैसा असतो. मी निम्मे आधी घेतो, उरलेले फाइल देताना. दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा वेगळे पैसे. हे सगळं पहिल्याच दिवशी मेसेजवर लिहून टाकतो.

आता ज्यातून मी खरं शिकलो, ते सांगतो. एका सप्ताहातलं काल्याचं कीर्तन मी रेकॉर्ड केलं, एकाच कार्डवर. घरी आलो तर कार्ड उघडेना. काल्याचं कीर्तन काय परत होतं का? रात्रभर झोप नाही. फोन उचलून काहीतरी थाप मारावी, असंही मनात आलं. सकाळी स्वतः गेलो, महाराजांसमोर अ‍ॅडव्हान्स ठेवला आणि म्हणालो, "चूक माझी आहे." ते बराच वेळ गप्प होते. मग मी गावातल्या तिघांची मोबाइल रेकॉर्डिंग मागून आणली, त्यातलं बरं ते जोडलं आणि एक पैसा न घेता दिलं. त्यानंतर सहा महिने त्यांचं काम आलं नाही. मग फोन आला, "या, पण मशीन दोन आणा."

तेव्हापासून दोन जागी रेकॉर्डिंग. हिशोब सोपा आहे: 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा एक ट्रॅक तासाला साधारण 520 एमबी घेतो. आठ ट्रॅक, दोन तास, म्हणजे आठ जीबीच्या आसपास. एवढ्या जागेसाठी दुसरं कार्ड घ्यायचा कंजूसपणा मला सहा महिन्यांच्या कामाला पडला.

मग पुण्याला जायचं का? स्टुडिओत शिकायला जरूर जा. पण ऑडिओबुक किंवा पॉडकास्टचं एडिटिंग शांत खोली आणि बरं नेट असेल तर कळमनुरीतूनही होतं. 2017 मध्ये स्टोरीटेल आपल्याकडे आलं, तेव्हापासून मराठी ऑडिओबुकांचं कामही वाढलंय. मात्र बाहेरचा माणूस विचारतो, "आधी काय केलंय?" त्याला ऐकवायला गावातलंच काम लागतं.

तर आज झोपायच्या आधी एक करा. तुमच्या तालुक्यात दर महिन्याला व्हिडिओ टाकणाऱ्या पाच जणांची नावं लिहा. उद्या त्यातल्या एकाला भेटा. मेसेज नको, भेटा. काय झालं ते मला व्हॉइस मेसेजवर सांगा. चला, भेटू पुढच्या भागात!